सांगली-मिरज परिसरातील बहुभाषिक कॅथलिक समाजाची पवित्र साक्रामेंताच्या महामेळाव्यासाठी तयारी

पवित्र साक्रामेंताचा, म्हणजे ख्रिस्ताचे शरीर झालेल्या पवित्र भाकरीच्या आराधनेचा, मोठा मेळावा भरवायचा ठरला की आयोजकांच्या बैठकीत पहिली चर्चा मंडप, ध्वनिक्षेपक आणि जेवणाची होते. या गोष्टी लागतातच आणि त्यांच्याविषयी पुढे लिहिले आहे. पण सांगली, मिरज, कुपवाड किंवा साताऱ्याकडे असा मेळावा भरवताना त्याहून आधी सोडवावा लागणारा प्रश्न माणसांचा आहे. इथला कॅथलिक समाज संख्येने लहान असला तरी एकजिनसी नाही. पिढ्यान् पिढ्या इथे नांदणारी मराठी कुटुंबे आहेत, नोकरीनिमित्त स्थिरावलेली कोंकणी आणि तमिळ घरे आहेत, मिरजेच्या रुग्णालयांत काम करणाऱ्या केरळच्या परिचारिका आहेत, सीमाभागाकडील कानडी बोलणारी माणसे आहेत आणि झारखंड-ओडिशाकडून कामासाठी आलेले, दर दोन-तीन वर्षांनी जागा बदलणारे आदिवासी तरुणही आहेत. रविवारी ही माणसे एकाच छताखाली मिस्सा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस अर्पण करण्याची उपासना, ऐकतात. पण त्यांच्यापैकी किती जणांना शेजारच्या बाकावरच्या माणसाचे नाव माहीत असते, हा प्रश्न प्रत्येक धर्मग्रामाने, म्हणजे एका चर्चभोवतीच्या समाजाने, स्वतःला विचारावा.

म्हणून या मार्गदर्शनातील मुख्य सूचना सुरुवातीलाच सांगतो. निरनिराळ्या गटांना व्यासपीठावर आपापली भाषा आणि पोशाख दाखवण्याची संधी दिली म्हणजे समाज एक झाला, असे मानू नये. तयारीच्या प्रत्येक कामात ही माणसे मिसळली गेली पाहिजेत. संत पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय आयोजकांनी पहिल्याच बैठकीत वाचावा. त्या मंडळीत काही जण आपले जेवण आधीच उरकून घेत आणि इतर उपाशी राहत. अशा वागण्याने तुमचे एकत्र येणे प्रभूचे भोजन ठरत नाही, असे पौलाने त्यांना स्पष्ट शब्दांत सुनावले. त्याच्या आदल्याच अध्यायात, भाकर एक असल्यामुळे आपण पुष्कळ असूनही एक शरीर आहोत, असे तो सांगतो. मेळाव्याचे सारे नियोजन या दोन अध्यायांवर तपासून पाहता येते.

माणसे शोधण्यापासून सुरुवात

मेळाव्याच्या किमान सहा महिने आधी घरभेटी सुरू कराव्यात. धर्मग्रामाच्या नोंदवहीवर विसंबून चालत नाही, कारण भाड्याच्या खोलीत चौघे-पाचजण मिळून राहणारे कामगार आणि वसतिगृहात राहणाऱ्या परिचारिका यांची नावे तिच्यात बहुधा नसतात. भेटीला जाणाऱ्या जोडीत दोन वेगवेगळ्या भाषांची माणसे असावीत. प्रश्न थोडे पण नेमके असावेत. घरात प्रभूची प्रार्थना कोणत्या भाषेत म्हणतात, ही विचारणा ‘मातृभाषा कोणती’ या विचारणेपेक्षा अधिक उपयोगी पडते, कारण बाजारात सफाईने मराठी बोलणारा माणूसही प्रार्थना बहुधा आईकडून शिकलेल्या शब्दांतच करतो. कोणाला कोणती लिपी वाचता येते, घरात अंथरुणाला खिळलेले कोणी आहे का, आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी असते आणि कुटुंबात कॅथलिक नसलेले कोणी आहे का, हेही लिहून घ्यावे. कारखान्यात किंवा रुग्णालयात पाळीने काम करणाऱ्यांची सुट्टी रविवारीच असेल असे नाही, आणि त्यांना पाळी बदलून घ्यायची तर महिनाभर आधी कळावे लागते.

या भेटींत आणखी एक गोष्ट पुढे येते. आपल्या भागातील सगळेच कॅथलिक लॅटिन (रोमच्या) परंपरेचे नसतात. सांगली आणि सातारा हे जिल्हे लॅटिन परंपरेच्या पुणे धर्मप्रांतात, म्हणजे पुण्याच्या बिशपांच्या अखत्यारीत, येतात. पण केरळच्या अनेक कुटुंबांचे मूळ सिरो-मलबार किंवा सिरो-मलंकार या पोपना मानणाऱ्या, पण वेगळ्या उपासनापद्धतीच्या केरळी परंपरांत असते, आणि महाराष्ट्राच्या या भागातील सिरो-मलबार कॅथलिकांसाठी १९८८ साली कल्याण येथे स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला आहे. चर्चच्या कायद्यातील ९२३ व्या कलमानुसार कोणत्याही कॅथलिक परंपरेच्या मिस्सात भाग घेऊन ख्रिस्तशरीर स्वीकारण्याची सर्व कॅथलिकांना मुभा आहे, त्यामुळे संस्काराच्या दृष्टीने काही अडचण येत नाही. अडचण मानाची असते. या परंपरांच्या धर्मगुरूंना पत्रिका छापून झाल्यावर निमंत्रण गेले तर ते पाहुणे ठरतात; पहिल्या बैठकीलाच बोलावले तर यजमान ठरतात. हा फरक लहान नाही.

समित्या नेमताना ‘मल्याळी समिती’, ‘कोंकणी समिती’ अशी रचना टाळावी. स्वागत, उपासना, गायन, भोजन, वाहतूक, आरोग्य आणि बालसुरक्षा असे कामाचे गट करावेत आणि प्रत्येकात किमान तीन भाषांची माणसे ठेवावीत. इथे जातीचा विषयही स्पष्टपणे मांडायला हवा, कारण तो टाळल्याने नाहीसा होत नाही. वाचन, अर्पणाची मिरवणूक आणि पाहुण्यांचे स्वागत सुशिक्षित, सुस्थित घरांकडे, आणि सतरंज्या घालणे, भांडी घासणे व मैदान झाडणे नेहमीच्याच वस्तीकडे, अशी वाटणी नकळत होते. कामांची यादी नावांसह भिंतीवर लावावी आणि प्रमुख धर्मगुरूंनी ती या नजरेने एकदा तपासावी.

तारीख, ठिकाण आणि परवानग्या

बिशपांची लेखी संमती आणि धर्मप्रांताच्या उपासना विभागाचा सल्ला घेतल्याशिवाय तारीख जाहीर करू नये. ख्रिस्तशरीराचा सण पवित्र त्रैक्याच्या रविवारानंतर येतो, म्हणजे आपल्याकडे मेअखेरीच्या उन्हात किंवा जूनच्या पहिल्या पावसात. पावसाळ्यातील महिन्यांचा विचारच करू नये. २०१९ आणि २०२१ साली कृष्णेच्या पुराने सांगलीची काय अवस्था केली ते सर्वांना ठाऊक आहे. नोव्हेंबरअखेर ख्रिस्तराजाच्या सणाच्या सुमारास हवा चांगली असते, पण तेव्हा उसाचा गळीत हंगाम सुरू झालेला असतो आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमुळे रस्त्यांवर वेळेचा अंदाज चुकतो. तासगाव, कवठे महांकाळकडे जानेवारी ते मार्च द्राक्षांची घाई असते. माझ्या मते नोव्हेंबरअखेरच सर्वांत सोयीची. मात्र ख्रिस्तराजाच्या रविवारी त्या सणाचीच वाचने आणि प्रार्थना वापराव्या लागतात, पवित्र साक्रामेंताची विशेष मिस्सा घेता येत नाही, हे उपासना गटाने लक्षात ठेवावे.

मिरज जंक्शनला पुणे, कोल्हापूर आणि बेळगाव या तिन्ही दिशांनी गाड्या येतात, म्हणून बाहेरगावच्या लोकांसाठी मिरज सोयीचे आहे. खेड्यांतून येणाऱ्यांसाठी एसटीची गाडी प्रासंगिक करारावर ठरवता येते. ध्वनिक्षेपक आणि मिरवणूक यांसाठी पोलिसांची, तर मैदान सार्वजनिक असल्यास महापालिकेची परवानगी आधी लेखी घ्यावी. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो, तेव्हा रात्रीची आराधना ठेवायची असेल तर ती चर्चच्या आत, शांतपणे व्हावी. तशी ती अधिक चांगलीही होते.

आठ आठवड्यांचे धर्मशिक्षण

तयारीचा गाभा हा आहे आणि सर्वाधिक वेळ यालाच द्यावा. पवित्र साक्रामेंताच्या आंतरराष्ट्रीय मेळाव्यांची परंपरा १८८१ साली फ्रान्समधील लिल शहरात सुरू झाली आणि तिचा ३८ वा मेळावा १९६४ साली मुंबईत भरला. त्यासाठी पोप सहावे पॉल भारतात आले. या देशात आलेले ते पहिले पोप. घरातील वडीलधाऱ्यांपैकी कोणी त्या मेळाव्याला गेले असेल तर त्यांना एका सभेत बोलते करावे. मात्र इतिहास एका संध्याकाळीच आटोपून पुढचे आठवडे मिस्साच्या क्रमाला द्यावेत: एकत्र जमणे आणि पश्चात्ताप, प्रभुशब्द, अर्पण, कृतज्ञतेची महाप्रार्थना (जिच्यात भाकर आणि द्राक्षारस पवित्र होतात), ख्रिस्तशरीराचा स्वीकार, आराधना, आणि शेवटी सेवेसाठी पाठवले जाणे. लूकच्या शुभवर्तमानातील अम्माऊसच्या वाटेवरची गोष्ट या साऱ्या क्रमाला पुरते. दोन शिष्यांना वाटेत भेटलेल्या पुनरुत्थित येशूकडून शास्त्राचा उलगडा होतो, मग भाकर मोडली जाते, मग त्यांचे डोळे उघडतात आणि ते दोघे त्याच घटकेला यरुशलेमकडे परततात.

सभा चर्चमध्ये न घेता वस्तीवस्तीत, घरांत घ्याव्यात आणि घर दर आठवड्याला बदलावे. कानडी घरी मराठी शेजारी, मल्याळी घरी कोंकणी कुटुंब, कामगारांच्या खोलीवर सर्वजण, असा क्रम जाणीवपूर्वक लावावा. शिकवणाऱ्याने साध्या मराठीत बोलावे आणि दर दहा मिनिटांनी थांबून गटातील कोणाला तरी तोच मुद्दा आपल्या भाषेत सांगू द्यावा. वेळ जास्त लागतो. पण जो दुसऱ्याला समजावून सांगतो, त्याला स्वतःला ते पक्के समजते. मुलांसाठी वेगळा वर्ग ठेवला तरी शेवटची पंधरा मिनिटे सर्वांनी एकत्र बसून प्रार्थना करावी.

गायनाचे काम याच आठ आठवड्यांत होते. हे प्रभू दया कर, पवित्र पवित्र आणि देवाच्या कोकरा या तीन गीतांसाठी एक सोपी मराठी चाल ठरवून ती सर्वांना तोंडपाठ करून द्यावी. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही ती ऐकून येते. त्यानंतर प्रत्येक भाषिक गटाने आपले एक गीत इतरांना शिकवावे. तमिळ गीत सर्वांनी अडखळत म्हटले तरी चालेल, पण तमिळ गटाने ते एकट्याने सादर करून टाळ्या घेऊ नयेत. मिस्सा हा सांस्कृतिक कार्यक्रम नाही, आणि ज्याला तसा कार्यक्रम हवा असेल त्याने तो जेवणानंतर मोकळेपणाने ठेवावा. पेटी, तबला आणि टाळ यांवरची मराठी भजने प्रवेशाला आणि ख्रिस्तशरीर घेतल्यानंतर उत्तम बसतात. मिरजेत तर तंबोरे घडवणारे कारागीर आहेत, तेव्हा भाड्याच्या कीबोर्डवरच भिस्त ठेवण्याचे कारण नाही.

वेदीवर कोणती भाषा?

या प्रश्नावर बैठका तापतात, म्हणून चर्चचा नियम आधी वाचून दाखवावा. अनेक धर्मगुरू मिळून मिस्सा अर्पण करतात तेव्हा महाप्रार्थना सर्व धर्मगुरूंना आणि जमलेल्या लोकांना समजेल अशा एकाच भाषेत व्हावी, असे २००४ साली रोमहून आलेली सूचना सांगते. आपल्याकडे ती भाषा मराठी ठेवावी. महाप्रार्थनेचे तुकडे करून ते चार भाषांत वाटू नयेत. इतर भाषांना खरीखुरी जागा द्यावी: दुसरे वाचन कानडीत, श्रद्धावंतांच्या प्रार्थना कोंकणी, मल्याळम, तमिळ, हिंदी आणि झारखंडकडील सादरी बोलीत, प्रत्येकीला उत्तर मात्र मराठीतच. शुभवर्तमान एकदा मराठीत गाऊन किंवा वाचून पुरते. तेच चार वेळा वाचल्याने लोक थकतात आणि प्रवचनाकडे लक्ष राहत नाही. पुस्तिकेत वाचनांचा मजकूर शेजारी शेजारी वेगवेगळ्या लिपींत छापावा आणि अक्षर वृद्धांना वाचता येईल इतके मोठे ठेवावे. भाषांतराचे मुद्रितशोधन त्या भाषेत रोज प्रार्थना करणाऱ्या माणसाकडून करून घ्यावे; मोबाइलवर केलेले भाषांतर प्रार्थनेत खपवू नये.

पापनिवेदन आणि ख्रिस्तशरीराविषयीच्या सूचना

मेळाव्याच्या दिवशी पापनिवेदनाच्या, म्हणजे धर्मगुरूंजवळ पापांची कबुली देण्याच्या, रांगा आवरत नाहीत. त्यासाठी आदल्या दोन आठवड्यांत उपकेंद्रांवर प्रायश्चित्ताच्या प्रार्थनासभा ठेवून तिथेच वैयक्तिक पापनिवेदनाची सोय करावी. कोणते फादर कोणत्या भाषेत पापनिवेदन ऐकतील, ते त्यांच्या खुर्चीजवळच्या फलकावर लिहावे. गर्दी आहे एवढ्याच कारणाने सर्वांना एकत्र पापक्षमा देता येत नाही, हे लोकांना आधीच समजावून सांगावे. ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी एक तास काही खाऊ-पिऊ नये. पाणी आणि औषधे घेता येतात आणि आजारी, वृद्ध व त्यांची देखभाल करणारे यांना त्यातून सूट आहे. लांबून आलेल्या लोकांना नाश्ता द्यायचा तर या नियमाप्रमाणे त्याची वेळ बसवावी. मधुमेही माणसाने उपाशी बसून चक्कर येईपर्यंत थांबणे हे पुण्य नव्हे.

मिरजेत प्रेस्बिटेरियन मिशनने १८९४ साली रुग्णालय काढले, आणि त्या परंपरेतील प्रॉटेस्टंट कुटुंबांशी आपल्या कुटुंबांचे सोयरेसंबंध आहेत. सून प्रॉटेस्टंट, सासू कॅथलिक अशी घरे प्रत्येक वस्तीत असतात. या नातेवाइकांना मेळाव्याचे मनापासून निमंत्रण असावे. परंतु ख्रिस्तशरीराचा स्वीकार कॅथलिकांसाठी आहे ही गोष्ट घरभेटीतच, बसून, प्रेमाने सांगावी. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला सर्वांसमोर परत पाठवण्याची वेळ आणणे हा आयोजकांचा दोष आहे. मिस्सा सुरू होण्यापूर्वी एक छोटी सूचना सर्व भाषांत द्यावी: जे ख्रिस्तशरीर स्वीकारणार नाहीत त्यांनी जागेवर बसून प्रार्थना करावी किंवा रांगेत येऊन हात छातीवर दुमडावेत, धर्मगुरू त्यांच्यासाठी आशीर्वाद मागतील. हिंदू आणि मुसलमान पाहुण्यांनाही हीच सूचना पुरते.

आता हिशेब. एक सेवक मिनिटाला साधारण दहा जणांना ख्रिस्तशरीर देऊ शकतो. दीड हजार लोक स्वीकारणार असतील तर पंधरा सेवक लागतात, म्हणजे दहा-बारा मिनिटांत सर्वांचे होते. धर्मगुरू पुरेसे नसतील तर बिशपांनी नेमलेले प्रापंचिक सेवक घ्यावेत आणि त्यांचा सराव जागेवरच करून घ्यावा. ओस्त्या, म्हणजे मिस्सात पवित्र करायच्या भाकरीच्या पातळ चकत्या, अपेक्षित संख्येपेक्षा दहा टक्के अधिक असाव्यात. त्या गव्हाच्याच लागतात. ज्यांना गहू सोसत नाही त्यांच्यासाठी अत्यल्प ग्लुटेनच्या ओस्त्या बिशपांच्या परवानगीने वेगळ्या पात्रात ठेवता येतात, मात्र गव्हाचा अंशच नसलेली भाकर चालत नाही. उरलेले पवित्र साक्रामेंत कोणत्या चर्चच्या मंजुषेत (साक्रामेंत ठेवण्याच्या पेटीत) आणि कोणी न्यायचे, ते आधी ठरवावे. प्रत्येक सेवकाजवळ एक स्वयंसेवक उभा राहावा आणि ओस्ती तिथेच सेवन केली जाते की नाही याकडे नम्रपणे लक्ष ठेवावे. मोठ्या गर्दीत ती खिशात किंवा पुस्तिकेत जाण्याचा धोका खरा असतो.

मिरवणूक

पवित्र साक्रामेंताची मिरवणूक अर्ध्या-पाऊण तासापेक्षा लांब ठेवू नये. गर्दी कशी चालवावी हे शिकायला आपल्याला दूर जायला नको. आषाढी वारीत माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटणवरून जाते तेव्हा रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्या क्रमांकाने चालतात आणि प्रत्येक दिंडीला आपला माणूस जबाबदार असतो. त्याच रीतीने शंभर-शंभराचे गट करून प्रत्येकाला क्रमांक आणि एक प्रमुख द्यावा, पण गट भाषेवर न करता वस्तीवर करावेत. प्रार्थना आणि गीते गटागटाने भाषा बदलत म्हणावीत आणि मधूनमधून सर्वांनी पूर्ण मौन पाळावे. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी शेवटच्या थांब्यावर खुर्च्या मांडाव्यात, म्हणजे समाप्तीचा आशीर्वाद त्यांनाही मिळतो. साक्रामेंतावरचे लक्ष विचलित करणारे फटाके आणि ड्रोन यांना परवानगी देऊ नये.

जेवण, मुले, आरोग्य

सर्वांना एकच जेवण आणि एकच पंगत असावी. वरण, भात, भाजी, पोळी किंवा भाकरी आणि शिरा एवढे पुरते. शाकाहारी जेवणाने कोणाचीच अडचण होत नाही. मान्यवरांचे वेगळे टेबल मांडू नये. बिशप आणि नगरसेवक कामगारांच्या शेजारी बसून जेवले तर करिंथकरांना लिहिलेल्या पत्रावर वेगळे प्रवचन लागत नाही. स्वयंपाकाला सर्व वस्त्यांच्या बायका आणि पुरुषही असावेत. वाढप्यांनी आधी खेड्यांतून आलेल्यांना वाढावे, कारण त्यांना परतीची गाडी गाठायची असते.

लहान मुलांच्या गळ्यात नाव आणि पालकाचा फोन क्रमांक लिहिलेले ओळखपत्र अडकवावे. मुलांबरोबर कोणताही प्रौढ एकटा राहणार नाही, दोघे तरी असतील, हा नियम धर्मगुरूंनाही लागू असावा. मंडपाजवळ प्राथमिक उपचारांची खोली असावी. परिचारिका आपल्यातच आहेत, पण त्यांच्या पाळ्या अशा लावाव्यात की त्यांनाही मिस्सात बसता येईल. १०८ ची रुग्णवाहिका कोणत्या दाराने आत येईल, ते स्वयंसेवकांना दाखवून ठेवावे. दर पन्नास स्त्रियांमागे एक स्वच्छतागृह धरावे. या बाबतीत काटकसर केली तर म्हाताऱ्या बायका दिवसभर पाणी पीत नाहीत आणि दुपारी भोवळ येऊन पडतात.

मेळाव्यानंतर

जे अंथरुणाला खिळलेले आहेत त्यांची यादी घरभेटींत तयार झालेली असते. त्याच दिवशी दुपारनंतर, नेमलेल्या सेवकांनी त्याच मिस्सातील ख्रिस्तशरीर त्यांच्या घरी पोहोचवावे, आणि शक्य असेल तिथे सोबत दुसऱ्या भाषेच्या घरातील एक माणूस न्यावा. जमाखर्च पुढच्या दोन रविवारांच्या आत चर्चच्या फलकावर लावावा. घरभेटींत सापडलेली नवी नावे धर्मग्रामाच्या नोंदवहीत घालावीत. कामगारांच्या खोलीवरची साप्ताहिक प्रार्थना बंद पडू न देण्याची जबाबदारी एका ठरावीक कुटुंबाकडे द्यावी आणि त्या कुटुंबाचे नाव पुढच्या धर्मग्राम-सभेच्या इतिवृत्तात लिहून ठेवावे.